आग रामेश्वरी, चर्चा सोमेश्वरी

मैदानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पेटल्याची किंवा बागेतला बाक रातोरात कोणीतरी जाळल्याची चित्रफीत फिरू लागली की एक ठरावीक वाद नव्याने सुरू होतो. एका बाजूचे लोक म्हणतात, सार्वजनिक जागी बसण्यासाठी जळणारी कोणतीही वस्तू वापरूच नये. लाकूड नको, प्लास्टिक नको, सगळे दगड, काँक्रीट आणि लोखंड यांचेच असावे. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, उघड्या आकाशाखाली कसली आली आहे आग? धूर वर जाईल, माणसे बाजूला होतील, बाक जळाला तर नवा आणता येईल. मधल्या मध्ये उत्पादक आपले प्रमाणपत्र पुढे करतो आणि आमची खुर्ची ‘अग्निरोधक’ आहे असे सांगून दोघांनाही गप्प करतो. हे तिन्ही पक्ष एकाच चुकीचे वाटेकरी आहेत असे मला वाटते. खुर्ची कशाची आहे याच्या पलीकडे तिघांचाही विचार जात नाही. ती कुठे ठेवली आहे, तिच्या खाली काय साचले आहे, वर छत आहे की आकाश, शेजारची खुर्ची किती अंतरावर आहे आणि तिच्यावर बसलेला माणूस उठून कुठून बाहेर पडणार आहे, हे कोणी विचारत नाही. उघड्यावरच्या बैठकीची अग्निसुरक्षा हा पदार्थाचा प्रश्न कमी आणि मांडणीचा अधिक आहे, अशी माझी भूमिका आहे. आणि पदार्थाचा जो प्रश्न उरतो, तोही आज ज्या चाचण्यांच्या भरवशावर निकालात काढला जातो, त्या चाचण्यांनी सुटणारा नाही.

आधी पदार्थाचा पक्ष पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण तो लेचापेचा नाही. उघड्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. एक किलो कोरडे लाकूड जळताना साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता देते. एक किलो पॉलिप्रॉपिलीन ४३ च्या आसपास देते, म्हणजे जवळजवळ पेट्रोलइतकीच. अडीच किलोची साधी हातांची खुर्ची म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने तीन लिटरांहून अधिक पेट्रोल झाले. हा हिशेब धडकी भरवणारा आहे आणि थोडा फसवाही आहे, कारण पेट्रोल क्षणात भडकते आणि खुर्ची सावकाश जळते; आगीत एकूण उष्णता किती यापेक्षा ती किती वेगाने बाहेर पडते याला जास्त महत्त्व असते. तरीही पॉलिप्रॉपिलीनमध्ये एक दुर्गुण आहे जो लाकडात नाही. ते १६०-१६५ अंश सेल्सिअसला, म्हणजे पेटण्याच्या बरेच आधी, वितळते. त्यामुळे पेटलेली खुर्ची जळता जळता ठिबकू लागते, तो जळता रस खालच्या पायरीवर साचतो आणि तिथे दुसरी आग लावतो. लाकूड उलट वागते. त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि त्या थराआड आग मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी गतीने आत सरकते. तेव्हा सगळे जळाऊ पदार्थ सारखेच, असे म्हणणारा माणूस चुकतो, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

उघड्यावर धोका नसतो असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे. बंद जागेतल्या आगीत माणसे बहुतांशी धुराने मरतात. मोकळ्यावर धूर वर निघून जातो, उष्णता कोंडत नाही, आणि चार पावले मागे सरले की माणूस सुरक्षित असतो. हिरवळीच्या मधोमध, भिंतीपासून आणि झाडांपासून दूर ठेवलेला एकटा लाकडी बाक जळाला तर नुकसान फक्त बाकाचे होते. शिवाय तो सहजासहजी जळतही नाही. चूल पेटवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की एकटे लाकूड विझते. दोन लाकडे समोरासमोर आली की ती एकमेकांची उष्णता एकमेकांना परत देतात, आणि तिसरे जवळ सरकवले की जाळ धरतो. जाड फळीचा बाक आणि पातळ पट्ट्यांचा बाक यांतला फरक हाच आहे. लाकूड तेच असते, पण पट्टीला दोन्ही बाजूंनी आच लागते आणि शेजारची पट्टी तिला थंड होऊ देत नाही. प्लास्टिकचेही तसेच. मैदानात सुटी मांडलेली एक खुर्ची आणि कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या कडेला, कनातीला टेकून रचलेली वीस-पंचवीस खुर्च्यांची चवड या दोन गोष्टींत पदार्थाचा काहीही फरक नाही. प्रमाणपत्रही एकच. पण चवडीत दर दोन खुर्च्यांमध्ये बोटभर फट असते, त्या फटींतून हवा खालून वर ओढली जाते, आणि ती चवड धुराड्यासारखी जळते. खुर्चीची चाचणी झाली तेव्हा चवडीची झाली होती का?

आता उघड्यावरच्या आगीचे सर्वांत कठोर उदाहरण पाहू. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराच्या व्हॅली परेड या फुटबॉलच्या मैदानात हंगामातला शेवटचा सामना चालू होता. मुख्य स्टँड विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, लाकडी बैठकांचा, वर लाकडी छत आणि त्यावर डांबरी आच्छादन असा होता. समोरची बाजू पूर्ण मोकळी होती. प्रेक्षक मैदानाकडे तोंड करून उघड्या हवेत बसले होते. हा स्टँड टेकाडाच्या उतारावर बांधलेला असल्यामुळे बैठकांच्या फळ्या आणि जमीन यांच्यामध्ये पोकळी राहिली होती, आणि फळ्यांच्या फटींतून कागद, वेष्टने, पेले असा सगळा केर वर्षानुवर्षे तिथे पडत होता. एक जळती काडी किंवा सिगारेट त्या फटीतून खाली गेली. पहिला धूर दिसल्यापासून संपूर्ण स्टँड पेटायला चार-पाच मिनिटेही पुरली. ५६ माणसे गेली. आग विझल्यावर त्या पोकळीत जे सापडले त्यात १९६८ सालच्या नोव्हेंबरमधले एक स्थानिक वर्तमानपत्र होते. म्हणजे साडेसोळा वर्षे ते तिथे पडून होते, आणि त्या साडेसोळा वर्षांत त्याच्यावर बसून लोकांनी शेकडो सामने पाहिले होते. या केराबद्दल आणि लाकडी बांधणीबद्दल प्रशासनाने आदल्याच वर्षी क्लबला लेखी सावध केले होते. नूतनीकरणाचे पोलादही येऊन पडले होते. काम दोन दिवसांनी सुरू व्हायचे होते.

हे सगळे वाचून ‘लाकूड होते म्हणून जळाले’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो खोटाही नाही. पण त्या आगीचे टप्पे वेगवेगळे करून पाहिले तर काय दिसते? आग लाकडाला लागलेली नव्हती; ती केराला लागली. केर साचला तो पोकळीत, आणि पोकळी होती बांधणीच्या पद्धतीमुळे. ज्वाळा छताच्या आतल्या अंगाला जाऊन भिडल्या आणि तिथून आडव्या पसरल्या. मोकळ्या आकाशाखाली जी उष्णता वर निघून गेली असती ती छताने प्रेक्षकांच्या डोक्यावर धरून ठेवली, आणि वरून जळते डांबर ठिबकू लागले. ‘उघडी जागा’ हे शब्द इथेच फसवतात. एक बाजू मोकळी असलेली जागा आगीच्या लेखी उघडी नसते. डोक्यावर छत आणि पायाखाली पोकळी असली की आगीच्या दृष्टीने ती खोलीच असते. आणि अखेरचा टप्पा माणसांचा. मागच्या बाजूची दारे बंद होती. त्या दिशेने बाहेर पडू पाहणारे अनेक जण तिथेच अडकले. मैदानाच्या बाजूला उंच कुंपण नव्हते, म्हणून हजारोंना पुढे उड्या टाकून हिरवळीवर जाता आले. त्या काळी इंग्लंडमधल्या अनेक मैदानांना असे कुंपण होते, आणि चारच वर्षांनी हिल्सबरोच्या मैदानात त्याच कुंपणाशी चिरडून ९७ माणसे दगावली. ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडपुढे ते कुंपण असते तर मृतांचा आकडा किती झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. लाकूड तेवढेच, आग तीच, आणि निकाल एका जाळीवर अवलंबून.

ब्रॅडफर्डनंतर अडीच वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९८७ रोजी, लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागून ३१ जण मेले. ते स्थानक उघड्यावरचे नव्हते आणि तो जिना बसण्याची जागाही नव्हता, तरी हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. तिथेही पेटती काडी फटीतून खाली गेली, तिथेही खाली ग्रीस आणि केर साचलेला होता. आणि चौकशीत एक गोष्ट प्रथमच नीट कळली: सुमारे ३० अंशांच्या उतारावर दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या चरात ज्वाळा सरळ वर न जाता उताराला चिकटून झोपतात आणि पुढचे लाकूड आधीच तापवत वर सरकतात. अनेक प्रेक्षागारांतल्या उंच बैठकांचा उतार याच्या आसपास असतो. सपाट जमिनीवर ठेवलेल्या बाकाची चाचणी करून उतारावरच्या दहा हजार आसनांबद्दल बोलणे कितपत योग्य आहे, हे यावरून ठरवावे.

मग सगळे दगडाचे आणि लोखंडाचेच का करू नये? हा विरुद्ध बाजूचा सर्वांत बिनतोड वाटणारा प्रश्न आहे, आणि त्याच्या अर्ध्या भागाला माझे उत्तर होकारार्थी आहे. ज्या बांधणीवर हजारो माणसे बसणार आहेत तिचा सांगाडा आणि तिच्या पायऱ्या न जळणाऱ्या पदार्थाच्याच असाव्यात. याबाबत आता वादाला जागा नाही. पण त्यावरून न जळणाऱ्या बांधणीत आग लागत नाही असे समजणे म्हणजे भाबडेपणा आहे. रोमचे कोलोसियम दगडी बैठकीचा नमुना म्हणून आपण पाहतो. इ.स. २१७ मध्ये त्यावर वीज पडली, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लाकडी बैठका पेटल्या आणि पुढे कित्येक वर्षे तिथले खेळ दुसरीकडे भरवावे लागले. दगडी इमारतीत जळण्यासारखे जेवढे होते तेवढे जळाले, आणि तेवढे पुरेसे झाले. पोलाद जळत नाही हे खरे, पण ५५०-६०० अंशांना त्याची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते; ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. याहून साधी अडचण बसणाऱ्याची आहे. भर उन्हात लोखंडी बाकाला हात लावून पाहावा. तिथे कोणी बसत नाही, आणि बसायचेच असेल तर खाली वर्तमानपत्र, पुठ्ठा किंवा उशी घेतो. आपण नियमाने बाहेर काढलेला जळाऊ पदार्थ माणूस काखोटीला मारून परत आणतो, आणि उठताना तिथेच टाकून जातो. उपाहारगृहांच्या बाहेर मांडलेल्या धातूच्या खुर्च्यांवर पॉलियुरेथेन फोमच्या गाद्या बांधलेल्या असतात. तिथे खुर्चीच्या सांगाड्याचे प्रमाणपत्र तपासणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

खुर्ची न जळताही जीव घेऊ शकते, हा मुद्दा तर या वादात कुठेच येत नाही. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात सर्कशीचा तंबू पेटला. पावसापासून बचाव म्हणून त्या कापडाला पेट्रोलमध्ये विरघळवलेले पॅराफिन लावलेले होते. दहा मिनिटांच्या आत तंबू खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. पळणाऱ्यांच्या पायांत सुट्या घडीच्या खुर्च्या आल्या. त्या उलटल्या, एकमेकींत अडकल्या आणि वाट बुजली. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गुदमरून मेले. आग खालच्या रोहित्राची होती; बाल्कनीतली आसने पेटली म्हणून कोणी मेले नाही. पण जादा आसने बसवण्यासाठी बाल्कनीतली एक वाट आधीच बुजवली गेली होती. उपहार बंदिस्त होते आणि हार्टफर्डला कापडाचे छत होते, तेव्हा ही उदाहरणे उघड्या मैदानाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तरीही एक प्रश्न उरतोच. सुट्या खुर्च्या एकमेकींना बांधून रांग अचल करणे आणि दोन रांगांमधून न अडखळता जाता येईल एवढे अंतर ठेवणे, हे कोणत्या रसायनाने साधणार आहे?

आता त्या रसायनांकडे वळू. ज्वालारोधक मिसळलेला पदार्थ पेटायला काही मिनिटे जास्त घेतो, आणि आगीत काही मिनिटे म्हणजे काही जीव, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. १९७९ साली मँचेस्टरमधल्या एका दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून दहा जण मेले आणि त्या घटनेनंतरच्या मागणीतून ब्रिटनमध्ये १९८८ चे फर्निचरविषयक कडक नियम आले. त्या नियमांमुळे घरात येणारा फोम बदलला. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. कॅलिफोर्नियाने १९७५ साली फोमसाठी उघड्या ज्योतीची चाचणी सक्तीची केली, उत्पादकांनी ती पार करण्यासाठी फोममध्ये रसायने ओतली, पुढे ती रसायने घरांतल्या धुळीत आणि माणसांच्या रक्तात सापडू लागली, आणि २०१३ साली त्याच राज्याने ती चाचणी बदलून सिगारेटसारख्या धुमसत्या आगीची चाचणी आणली. त्यांतल्या पेंटाब्रोमो या ब्रोमीनयुक्त गटावर २००९ मध्ये स्टॉकहोम करारानुसार, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जागतिक बंदीच आली.

हे झाले घरातले. उघड्यावर तर या रसायनांची परीक्षा ऊन आणि पाऊस रोज घेतात. लाकडात मुरवलेले ज्वालारोधक क्षार पाण्यात विरघळणारे असतील तर दर पावसाळ्यात थोडेथोडे धुऊन जातात. बाक तसाच दिसतो, प्रमाणपत्र तसेच राहते, फक्त क्षार उरलेले नसतात. प्लास्टिकची गोष्ट याहून विचित्र आहे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात अमाइन गटातले प्रकाशस्थिरक मिसळतात. ही द्रव्ये आम्लाने निकामी होतात. आणि ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक उन्हात हळूहळू विघटित होताना नेमके आम्लच सोडतात. म्हणजे आगीपासून वाचवणारे द्रव्य उन्हापासून वाचवणाऱ्या द्रव्याला खाते. यावर उपाय म्हणून आम्लाला दाद न देणारे स्थिरक निघाले आहेत, आणि ब्रोमीन टाळून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरता येते, जे ३०० अंशांच्या वर पाणी सोडून आच कमी करते. पण त्याचा गुण यायला पदार्थाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरणा करावा लागतो आणि मग खुर्चीची लवचिकता जाते. जुन्या खुर्चीवर तळहात फिरवून पाहिला तर हाताला पांढरट भुकटी लागते. तो खुर्चीचाच वरचा थर असतो, उन्हाने झिजवलेला. त्या थराखाली काय उरले आहे हे प्रमाणपत्र सांगत नाही, कारण ते कारखान्यातून त्याच आठवड्यात निघालेल्या नव्याकोऱ्या नमुन्यावर दिलेले असते.

चाचणीत कोणती आग वापरली हेही पाहावे लागते. फर्निचरच्या एका प्रचलित ब्रिटिश चाचणीत सिगारेट आणि काडीएवढ्या ज्योतीपासून सुरुवात करून पुढे लाकडी काड्यांच्या छोट्या चौकटी पेटवतात. पाचव्या पायरीची चौकट १७ ग्रॅमची असते, सातव्या पायरीची १२६ ग्रॅमची. घरातल्या अपघाती आगीसाठी हे ठीक आहे. पण मैदानात चाहते पेटवतात ते फ्लेअर, म्हणजे मशालीसारख्या जळणाऱ्या दारूच्या नळ्या, हजार अंशांच्या वर जळतात आणि पाण्याने सहजी विझत नाहीत. काडीच्या ज्योतीला पुरून उरलेले आसन फ्लेअरपुढे टिकेल, असे कोणत्या आधारावर मानायचे? एखाद्या खुर्चीला ‘अग्निरोधक’ म्हणताना ती कोणत्या आगीला रोधते हे त्याच वाक्यात लिहिण्याची सक्ती केली, तर निम्मे दावे छापण्याआधीच गळून पडतील.

म्हणून ‘सर्वांना एकच नियम’ ही मागणी मला समतेची वाटत नाही, आळसाची वाटते. मोकळ्या जागेतल्या एकट्या बाकाला पदार्थाची अट घालण्याचे कारण नाही. तो भिंतीपासून, दारापासून, वाळक्या झुडपांपासून आणि कचरापेटीपासून लांब असावा एवढे पुरे. तोच बाक इमारतीच्या दाराशी किंवा थांब्याच्या छपराखाली सरकवला की प्रश्न बदलतो, आणि तिथे वितळून ठिबकणारे प्लास्टिक मी नाकारीन, मग ते पुनर्वापराचे असो की नवे. पुनर्वापराच्या प्लास्टिकचे बाक हा कचऱ्याचा चांगला उपयोग आहे, हे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे योग्यच आहे. त्या बाकांना हिरवळीच्या मधोमध जागा द्यावी. छताखालच्या, उतारावरच्या, ओळीने मांडलेल्या आसनांसाठी मात्र सगळे कडक हवे: खाली पोकळी नको, असेल तर बंद करावी, बंद करता येत नसेल तर प्रत्येक कार्यक्रमानंतर ती झाडल्याची नोंद हवी आणि ती नोंद तपासणाऱ्याने वाकून खाली पाहायला हवे. चाचणीसाठीचा नमुना कारखान्यातून न घेता मैदानातून घ्यावा, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेल्या रांगेतून, दर काही वर्षांनी, आणि तो नापास झाला तर ती रांग बदलावी. राखीव खुर्च्यांची चवड छताखाली किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर नसावी.

यावर खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. खुर्ची एकदा विकत घेता येते. झाडणे रोजचे असते, त्याला माणूस लागतो, त्या माणसाला पगार लागतो, आणि उद्घाटनाच्या फलकावर त्याचे नाव नसते. अग्निरोधक आसने बसवली असे जाहीर करण्यात जो मान आहे तो आसनांखालचा केर काढला असे सांगण्यात नाही. ब्रॅडफर्डच्या त्या पोकळीतला केर काढायला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नव्हते. पोलादाची वाट पाहण्याचीही गरज नव्हती. हंगाम सुरू होण्याआधी दोन-चार माणसे, फावडी आणि एक गाडी एवढ्यावर भागले असते.